एकशे सत्तरचा फॉलोऑन : किंग्स्टन १९७१ मधला एक निर्णय

३८७ वजा २१७. उत्तर १७०. गल्लीत क्रिकेट खेळलेला माणूसही सांगेल की कसोटीत फॉलोऑन द्यायला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, दोनशेची आघाडी लागते. फेब्रुवारी १९७१ मध्ये किंग्स्टनच्या सबिना पार्कवर भारताच्या ३८७ समोर वेस्ट इंडीजचा पहिला डाव २१७ वर आटोपला, तेव्हा मैदानातल्या बहुतेकांनी हीच वजाबाकी केली असणार आणि आता भारत पुन्हा फलंदाजीला येणार असं धरलं असणार. भारताचे कप्तान अजित वाडेकर मात्र समोरच्यांच्या ड्रेसिंग रूमकडे निघाले. वेस्ट इंडीजचे कप्तान गॅरी सोबर्स यांना त्यांनी सांगितलं की तुम्हीच पुन्हा खेळायला या.

नेतृत्वावर बोलताना आपल्याकडे क्रिकेटची उदाहरणं हमखास येतात आणि ती बहुतेक वेळा शेवटच्या चेंडूची असतात. षटकार, चषक, अश्रू. मला त्यापेक्षा हा सबिना पार्कचा निर्णय जास्त वेळा आठवतो. एक तर त्यातून सामना जिंकला गेला नाही. धावफलकावर नुसतं ‘अनिर्णित’ लिहिलं गेलं. दुसरं म्हणजे यात कप्तानाने कोणतंही धाडस केलेलं नव्हतं. नियमात होतं तेवढंच त्याने मागितलं. तरीही पन्नास वर्षांहून जास्त काळ लोक हा किस्सा सांगत आले आहेत. असं का, हे पाहायचं तर किस्सा थोडा बाजूला ठेवून आधी आकडे मांडायला हवेत.

खुर्ची कशी मिळाली

वाडेकर कप्तान झाले तेच एका मताने. मन्सूर अली खान पतौडी १९६२ पासून, मधले थोडे सामने सोडले तर, भारताचे कप्तान होते. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी निवड समितीत मतं विभागली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. पतौडी त्या दौऱ्यावर गेलेच नाहीत.

आता त्या संघाकडे पाहा. मोटगनहळ्ळी जयसिंहा, सलीम दुराणी, दिलीप सरदेसाई, एरापल्ली प्रसन्ना ही सगळी पतौडींच्या हाताखाली वाढलेली किंवा त्यांच्या बरोबरीची माणसं. जयसिंहा तर हैदराबादचे कप्तान, म्हणजे रणजी करंडकात खुद्द पतौडी त्यांच्या हाताखाली खेळत. उपकप्तान श्रीनिवास वेंकटराघवन. अशा संघात नवा कप्तान येतो, डावखुरा, तिसऱ्या क्रमांकावर खेळणारा, स्लिपमध्ये झेल घेणारा, नोकरीने स्टेट बँकेतला. नवाबाच्या जागी बँकेतला माणूस, अशी ही बदली होती. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पतौडींकडे पाहिलं की कप्तान दिसायचा. वाडेकरांना आपण कप्तान आहोत हे दाखवून द्यावं लागणार होतं, आणि दाखवण्याचा स्वभाव तर त्यांचा नव्हताच. बोलणं कमी, आणि जे बोलायचं ते मिस्कीलपणे, ओठांतल्या ओठांत.

वेस्ट इंडीजशी भारत तोवर २३ कसोटी खेळला होता. त्यांतल्या १२ हरला होता, ११ अनिर्णित. जिंकलेली एकही नाही. १९६२ च्या दौऱ्यात तर पाचही कसोटी गेल्या होत्या.

सामना

१८ फेब्रुवारीला सामना सुरू व्हायचा होता. पहिला दिवस पावसाने खाल्ला, एकही चेंडू पडला नाही. त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये पत्ते कुटण्यापलीकडे कुणाला फारसं काही सुचलं नसेल, पण या प्रकरणाचं सगळं बीज त्या कोरड्या न झालेल्या दिवसात आहे.

खेळ सुरू झाला आणि भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली. कप्तानांच्या स्वतःच्या धावा ८. सुनील गावसकर नावाचा एक पोरगा दौऱ्यावर होता, पण बोट पिकल्यामुळे या कसोटीला मुकला होता. इथून सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी सहाव्या विकेटसाठी १३७ धावा जोडल्या. सोलकर ६१ वर गेले. पुढे नवव्या विकेटसाठी सरदेसाईंना साथ मिळाली ती प्रसन्नांची. आज आपण प्रसन्ना म्हटलं की ऑफस्पिन आठवतो, पण त्या दिवशी त्यांनी २५ धावा करत एक टोक धरून ठेवलं आणि भागीदारी १२२ ची झाली. सरदेसाई २१२. परदेशात द्विशतक करणारा पहिला भारतीय.

मडगावात जन्मलेला आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा माणूस दौऱ्यावर येणार की नाही इथपासूनच शंका होती. फॉर्म गेला, वय झालं, असं बोललं जात होतं. वाडेकरांनी त्याच्यासाठी आग्रह धरला. सरदेसाईंची एक खासियत म्हणजे समोरच्याची गोलंदाजी सामान्य वाटली की ते ‘पोपटवाडी’ म्हणून मोकळे व्हायचे. हा शब्द मुंबईच्या क्रिकेटमध्ये त्यांच्यामुळेच रुळला. वेस्ट इंडीजला जाऊन, ५ बाद ७५ असताना, ‘पोपटवाडी रे’ म्हणू शकणारा माणूस संघात असणं याची किंमत धावांत मोजता येत नाही. वाडेकरांना ती कळत असावी, कारण दोघे एकाच मुशीतून आलेले.

मग वेस्ट इंडीज २१७ वर आटोपले. रोहन कन्हाय ५६, सोबर्स ४४. प्रसन्ना ६५ धावांत ४, वेंकटराघवन ४६ धावांत ३.

आणि आघाडी १७०.

नियम नेमका काय सांगतो

इथे थांबून नियम नीट वाचायला हवा, कारण हा किस्सा सांगणारे अर्धेअधिक लोक तो चुकीचा सांगतात. पाच दिवसांच्या सामन्यात प्रथम फलंदाजी करणाऱ्या संघाकडे २०० धावांची आघाडी असेल तर तो प्रतिस्पर्ध्याला पुन्हा खेळायला लावू शकतो. सामना तीन किंवा चार दिवसांचा असेल तर १५० पुरतात. आणि सामन्याच्या सुरुवातीचा संपूर्ण दिवस खेळाविना गेला, तर खेळ प्रत्यक्ष सुरू झाला त्या दिवसापासून उरलेले दिवस मोजायचे. म्हणजे पाच दिवसांची कसोटी या कलमापुरती चार दिवसांची होते.

यातली मेख अशी की वाया गेलेला दिवस सुरुवातीचाच असावा लागतो. दुसरा किंवा तिसरा दिवस पावसात गेला तर मर्यादा दोनशेचीच राहते. पहिल्या दिवशी चहापानानंतर चार षटकं जरी पडली असती तरी १७० चा काही उपयोग नव्हता. हे कलम आजही नियमावलीत आहे.

कसोटी क्रिकेटमध्ये अशी वेळ क्वचित येते, त्यामुळे ती विस्मरणात जाते. वेस्ट इंडीजच्या खेळाडूंना त्या क्षणी हे कलम आठवलं नाही यात नवल नाही. त्यांना फॉलोऑन द्यायचा विषयच सहसा निघत नसे. भारताने तर तो त्यांच्यावर तोवर कधीच लादला नव्हता.

मग वाडेकरांना ते कसं आठवलं? याची उत्तरं वेगवेगळी दिली जातात. मला स्वतःला वाटतं की याचं उत्तर रणजी करंडकात आहे. आपल्या देशी क्रिकेटमध्ये त्या काळी सामने तीन-चार दिवसांचे असायचे. म्हणजे तिथे फॉलोऑनचा आकडा मुळातच १५०. शिवाय सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली, आणि त्या विजयांमध्ये पहिल्या डावाच्या आघाडीला केवढं महत्त्व होतं हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. मुंबईच्या खेळाडूला एक धाव आघाडी म्हणजे काय हे कळतं. तिथे वाढलेल्या कप्तानाला १५० हा आकडा पुस्तकात शोधावा लागत नाही, तो त्याच्या हाताशीच असतो. लोक त्याला मुंबईचा खडूसपणा म्हणतात. तो होताच, पण त्याआधी ती सवय होती.

दारातला प्रसंग

ड्रेसिंग रूममध्ये काय झालं याची एकच एक नोंद नाही, सांगणाऱ्यागणिक थोडा फरक आहे. समान धागा असा. कप्तानाने फॉलोऑनचा निर्णय कळवायचा तो सहसा मैदानातून बाहेर येताना, चालता चालता, दोन शब्दांत. वाडेकर त्यांच्या खोलीत गेले आणि सोबर्सना उद्देशून पण बाकीच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की आम्ही फॉलोऑन देतो आहोत. सोबर्सना आधी खरं वाटेना. मग नियमाची खातरजमा झाली आणि सलामीवीरांना पुन्हा पॅड बांधावे लागले.

या प्रसंगातला मला सगळ्यात बोलका वाटणारा तपशील आवाजाचा आहे. एरवी हळू बोलणारा माणूस इथे मुद्दाम मोठ्याने बोलला. निर्णय सोबर्सना कळवायचा होता, पण ऐकवायचा होता तो बाकीच्या दहा जणांना. त्याहून जास्त, असा माझा तर्क, आपल्या स्वतःच्या संघाला. ज्या संघात आठ-दहा वर्षं दुसऱ्याचा शब्द चालत आला, तिथे नव्या कप्तानाने भाषण दिलं असतं तर कोणी मनावर घेतलं नसतं. पण आपला कप्तान जाऊन सोबर्सला फॉलोऑन सांगून आला, ही गोष्ट संध्याकाळी हॉटेलात जेवताना प्रत्येकाने एकमेकाला सांगितली असेल. सांगताना हसलेही असतील.

दुसरा पर्याय होता का?

होता, आणि तो वाईट नव्हता. पुन्हा फलंदाजी करायची, आघाडी तीनशेपर्यंत न्यायची आणि मग गोलंदाजी. हरण्याची शक्यता जवळपास संपते. आज बहुतेक कप्तान हेच करतील. याचं एक कारण २००१ चं ईडन गार्डन्स. ऑस्ट्रेलियाचे कप्तान स्टीव्ह वॉ यांनी २७४ च्या आघाडीवर भारताला फॉलोऑन दिला आणि लक्ष्मणच्या २८१ व द्रविडच्या १८० ने तो त्यांच्याच अंगाशी आला. तेव्हापासून फॉलोऑन म्हटलं की कप्तान आधी गोलंदाजांकडे पाहतो. १९७१ मध्ये ती भीती नव्हती. फॉलोऑन देऊन हरल्याचं उदाहरण तोवर एकच होतं, १८९४ मधलं सिडनीचं, आणि ते कुणाच्या डोळ्यांसमोर असण्याचं कारण नव्हतं. तेव्हा आजच्या चष्म्यातून वाडेकरांना धाडसी ठरवण्यात अर्थ नाही.

हिशेब करून पाहू. दुसऱ्या डावात वेस्ट इंडीजने ५ बाद ३८५ केल्या. कन्हाय नाबाद १५८, सोबर्स ९३, क्लाइव्ह लॉइड ५७. म्हणजे उरलेला वेळ साधारण ३८५ धावा होतील एवढा होता. त्यातला तिसरा हिस्सा भारताने फलंदाजीत घालवला असता तर उरलेल्या वेळात दहा बळी घ्यावे लागले असते. प्रत्यक्षात सगळा वेळ मिळूनही पाचच मिळाले. म्हणजे तो पर्याय घेऊनही सामना अनिर्णितच राहिला असता, फक्त कंटाळवाण्या रीतीने.

दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. भारताची वरची फळी पहिल्या डावात ७५ मध्ये अर्धी गारद झाली होती. तीच फळी, दोन सरदेसाई नसताना, पुन्हा व्हॅनबर्न होल्डर यांच्या नव्या चेंडूसमोर उभी करायची? ६ बाद ९० झाले असते तर सगळी हवा एका तासात उलटली असती. फॉलोऑन देऊन वाडेकरांनी आपली सगळ्यात कच्ची बाजू सामन्यातून काढूनच टाकली. आणि गोलंदाज दमतील ही भीती वेगवान गोलंदाजांच्या संघाला जास्त असते. इथे बेदी, प्रसन्ना, वेंकट, दुराणी. हे लोक दिवसभर टाकू शकत होते, टाकायला मिळालं नाही तर कुरकुरणारे होते.

तेव्हा निर्णय बरोबर होता. जिंकून देणारा नसला तरी. ‘आपण हरू का’ यापेक्षा ‘आपलं काय उघडं पडू शकतं’ हा प्रश्न कप्तानाने आधी विचारला, असं मी याचं वर्णन करेन.

पोर्ट ऑफ स्पेन

या प्रकरणाचा नेहमीचा शेवट असा सांगतात: फॉलोऑनने वेस्ट इंडीजचं मनोधैर्य खचलं आणि पुढची कसोटी आपण जिंकली. मला हे अर्धंच पटतं. मनोधैर्य खचलेला संघ ५ बाद ३८५ करत नाही.

पुढच्या कसोटीत, ६ मार्चपासून, क्वीन्स पार्क ओव्हलवर जे झालं त्याची कारणं बरीचशी साधी आहेत. खेळपट्टी फिरकीची होती. किती, तर वेस्ट इंडीजच्या जॅक नोरिएगा या ऑफस्पिनरने भारताच्या पहिल्या डावात ९५ धावांत ९ बळी घेतले. फिरकीचा आखाडा म्हटल्यावर आपल्याकडे चार मल्ल होते. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर आबिद अली यांनी रॉय फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. गावसकर पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७. सरदेसाई पुन्हा ११२. सोलकर ५५.

नेतृत्वाच्या दृष्टीने पाहण्यासारखा क्षण दुसऱ्या डावातला. दुराणींनी स्वतःहून चेंडू मागितला. दुराणी म्हणजे लहरी माणूस. मनात आलं तर षटकार, मनात आलं तर काहीच नाही. शिस्तीच्या कप्तानाला असा खेळाडू नकोसा होतो. वाडेकरांनी चेंडू दिला. दुराणींनी सोबर्सना शून्यावर त्रिफळाचीत केलं आणि लॉइडना मिडविकेटवर झेल द्यायला लावला. तो झेल घेतला वाडेकरांनीच. १७ षटकं, २१ धावा, २ बळी. वेंकटराघवनना त्या डावात पाच बळी मिळाले, पण आठवतात ते हे दोन. १२४ चं लक्ष्य भारताने तीन गडी गमावून गाठलं. पंचविसाव्या सामन्यात वेस्ट इंडीजवर पहिला विजय.

त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, प्रेक्षागृहात ते होतेच. बिहार-उत्तर प्रदेशातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांची ती नातवंडं-पणतवंडं. त्यांच्यासाठी तो दिवस काय असेल हे आपण मुंबईत बसून फक्त कल्पावं.

याच मैदानाची एक जुनी आठवण सोबर्सच्या मनात असणार. मार्च १९६८ मध्ये त्यांनी इथेच इंग्लंडसमोर डाव घोषित केला, १६५ मिनिटांत २१५ धावांचं आव्हान ठेवलं, आणि इंग्लंडने ते गाठून मालिकाही जिंकली. सामना रटाळ होऊ नये म्हणून घेतलेला तो निर्णय कॅरिबियन बेटांवर वर्षानुवर्षं त्यांना ऐकवला गेला. खेळाडू म्हणून सोबर्सच्या आसपासही कुणी नव्हतं. पण या दोन कप्तानांचा पिंड किती वेगळा होता पाहा. एकाला खेळात जीव आणायचा होता. दुसऱ्याला नियमाने मिळालेले तीस धावांचे अंतर वाया जाऊ द्यायचं नव्हतं. प्रेक्षक म्हणून मला सोबर्स आवडतील. संघात खेळायचं तर मी वाडेकरांच्या हाताखाली खेळेन.

उरलेल्या तीन कसोटी अनिर्णित राहिल्या. गावसकरांच्या चार सामन्यांत ७७४, सरदेसाईंच्या पाच सामन्यांत ६४२. मालिका १-०.

शेवटच्या कसोटीतला एक किस्सा खुद्द गावसकर सांगत आले आहेत. सोबर्सना अशी खोड लागली होती की फलंदाजीला जाण्यापूर्वी भारताच्या ड्रेसिंग रूममध्ये यायचं, शकुन म्हणून गावसकरला हात लावायचा आणि मग शतक ठोकायचं. शेवटच्या डावात वेस्ट इंडीजला २६२ हव्या होत्या. वाडेकरांनी गावसकरला बाथरूममध्ये कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. सोबर्स आले, पोरगा सापडला नाही, परत गेले. पहिल्याच चेंडूवर आबिद अलींनी त्यांचा त्रिफळा उडवला. वेस्ट इंडीज ८ बाद १६५ वर थांबलं आणि मालिका वाचली.

एका दौऱ्यातले हे दोन दरवाजे मला शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. एका दारातून कप्तान स्वतः आत गेला, दुसऱ्याला त्याने बाहेरून कडी घातली. पहिल्याला नियमाचा आधार होता, दुसऱ्याला कसलाच नाही. दोन्ही वेळा समोर सोबर्सच होते, आणि दोन्ही वेळा वाडेकरांना आपल्या संघाला थोडं हसवता आलं. दडपणाखालच्या दहा माणसांना हसवणं हे काम कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात मला माहीत नाही.

तीन वर्षांनी

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण प्रकरण अर्धं सोडता येत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या ओव्हलवर लेगस्पिनर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ वर संपलं, आणि भारत चार गडी राखून जिंकला. शेवटच्या सकाळी ४५ वर धावबाद होऊन आलेले वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपले, आणि जिंकल्याचं सांगायला त्यांना इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी उठवलं, असं सांगतात. मुंबईत जंगी मिरवणूक निघाली. इंदूरला सिमेंटची भली मोठी बॅट उभी राहिली, ‘विजय बल्ला’. १९७२-७३ मध्ये इंग्लंड इकडे आलं, तेव्हाही मालिका आपलीच. सलग तीन.

मग १९७४ चा इंग्लंड दौरा. जून महिना, थंड, ओलसर हवा. संघात कुरबुरी होत्या. कप्तान आणि बेदी यांचं पटत नव्हतं, हे नंतर उघडपणे बोललं गेलं. शांतपणा हा वाडेकरांचा जो गुण १९७१ मध्ये कामी आला, तोच इथे आड आला असं माझं मत आहे. सगळे आपापलं काम चोख करत असतात तेव्हा कमी बोलणारा कप्तान सुखावह असतो. माणसं एकमेकांवर रुसलेली असतात तेव्हा त्याचं गप्प राहणं प्रत्येक जण आपल्या सोयीने वाचतो. ज्याला वाटतं कप्तान माझ्यावर नाराज आहे त्याला ते त्यातच दिसतं. सबिना पार्कला त्यांनी आवाज चढवला तो समोरच्यांच्या खोलीत. या खेपेला तो आपल्याच खोलीत चढवायची गरज होती.

लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ केल्या. भारत ३०२. या वेळी वजाबाकी कुणालाही पुन्हा करून पाहावी लागली नाही, कलम तपासावं लागलं नाही. इंग्लंडचे कप्तान माइक डेनेस यांनी फॉलोऑन दिला. सोमवारी सकाळी १७ षटकांत भारत ४२ वर गारद झाला. जेफ अरनॉल्ड ४, ख्रिस ओल्ड ५, आणि जखमी चंद्रशेखर खेळायला येऊच शकले नाहीत. एकटे सोलकर १८ वर नाबाद राहिले. सबिना पार्कला सरदेसाईंबरोबर १३७ जोडणारे तेच सोलकर. दुसऱ्या टोकाला या वेळी सरदेसाई नव्हते, ते निवृत्त झाले होते.

मालिका ०-३. इंदूरच्या बॅटला लोकांनी डांबर फासलं. परत आल्यावर पश्चिम विभागाच्या संघातून वाडेकरांना वगळण्यात आलं आणि त्यांनी निवृत्ती घेतली. वय तेहतीस. कप्तान म्हणून १६ कसोटी, ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. किंग्स्टनची ती कसोटी या शेवटच्या आठात मोजली जाते.

पुढे नव्वदच्या दशकात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, नंतर निवड समितीचे अध्यक्षही. मर्चंट बसायचे त्या खुर्चीत. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी ओव्हलवरच्या विजयाचे फोटो छापले. लॉर्ड्सच्या धावफलकात त्यांच्या नावासमोर आहे, त्रिफळाचीत गोलंदाज ओल्ड, ३.